लॅटिन अल्बमांवर लिहिताना सगळीकडे तेच तेच लिहिलं जातंय. तुम्ही कसं ऐकता, कसं लिहिता?

अनघा_ऐकते

गेली तीन वर्षं मी एका छोट्या अनियतकालिकासाठी स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांतल्या नव्या अल्बमांवर लिहितेय. एका वेळी एक अल्बम, साधारण सहाशे शब्द. मागच्या आठवड्यात संपादकांनी सगळे लेख एकत्र करून पाठवले, पुस्तिका काढायचा विचार आहे म्हणून. एका बैठकीत सलग वाचले आणि मन खट्टू झालं.

पोर्तो रिकोच्या बॅड बनीच्या २०२२ च्या ‘उन वेरानो सिन ती’बद्दल मी लिहिलंय, ‘पायांना स्वस्थ बसू न देणारा ठेका’. पेसो प्लुमाच्या ‘हेनेसिस’बद्दल, ‘ठेका अंगात भिनतो’. हुआन लुईस गेर्राच्या ‘रादिओ ग्विरा’बद्दल, ‘ठेक्यातच अल्बमचा जीव आहे’. नातालिया लाफोर्कादच्या ‘दे तोदास लास फ्लोरेस’ला ‘हळुवार, आतून आलेलं’ म्हटलंय आणि सिल्वाना एस्त्रादाच्या ‘मार्चिता’लाही तेच. म्हणजे माझ्याकडे दोनच खण आहेत. एक नाचायच्या अल्बमांचा, दुसरा डोळे मिटून ऐकायच्या अल्बमांचा. एका लेखातली वाक्यं उचलून दुसऱ्यात टाकली तर कुणाला पत्ता लागणार नाही.

या पाच अल्बमांत काहीच सारखं नाही, हे मला कळतं. ऐकताना तर लख्ख जाणवतं. लिहायला बसलं की ते निसटतं. शिवाय शेवटी पाचपैकी तारे द्यावे लागतात. बाचाता, साल्सा, रेगेटोन, मेक्सिकोचा कोरीदो, गिटारवरची गाणी, सगळ्यांना एकाच फूटपट्टीने मोजताना मला अपराधी वाटतं.

स्पॅनिश दोन वर्षं शिकतेय. वर्तमानपत्र वाचता येतं, पण पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन, तिथल्या रॅपरचं बोलणं अजून निम्मं डोक्यावरून जातं. वाद्य कुठलंच वाजवत नाही.

तुम्ही नवा अल्बम हातात घेता तेव्हा सुरुवात कुठून करता? पुस्तिकेआधी निदान चार-पाच लेख मला पुन्हा लिहायचेच आहेत.

कानसेन

अनघा, तुमचा धागा बघून लगेच लिहायला बसलो, कारण मी दहा वर्षं साल्साच्या वाद्यवृंदांत बोंगो वाजवलाय आणि ‘ठेका’ हा एकच शब्द सगळीकडे वाचून जीव तुटतो.

पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे लक्ष देऊ नका. ठेका कुणी धरून ठेवलाय ते शोधा. तुम्ही ‘हेनेसिस’चा ठेका अंगात भिनतो म्हणालात. २०२३ च्या त्या अल्बममधल्या बहुतेक गाण्यांत ड्रम नाहीतच. चाल पुढे ढकलतो तो तोलोलोचे, म्हणजे उभा लाकडी बास, आणि तारांची वाद्यं. त्यावर चार्चेता आणि ट्रॉम्बोन ही पितळी वाद्यं उसळून येतात आणि रेकिंतो गिटार गायकाच्या प्रत्येक ओळीला उत्तर देते. कोरीदो म्हणजे मुळात गोष्ट सांगायचा पोवाड्यासारखा प्रकार. शंभर वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या क्रांतीच्या बातम्या त्यातून गावोगाव जायच्या. आताची मुलं त्याच साच्यात ट्रॅपचं बोलणं आणतात, ढोल न वाजवता. हे एवढं लिहिलं असतंत तरी तो परिच्छेद दुसऱ्या कुठल्या लेखात बसला नसता.

आता साल्सा. १६ मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ ला टाळी द्या. पहिल्या आठांत तीन, पुढच्या आठांत दोन. ही क्लावे. कधी दोनाची बाजू आधी येते. पुष्कळदा ती प्रत्यक्ष वाजवतही नाहीत, पण पियानो, बास, पितळी वाद्यं, गायकाचे शब्द, सगळे तिच्याशी इमान राखून असतात. बास तर समेवर यायचंच टाळतो, आधीच पाऊल टाकून मोकळा होतो. साल्सा ऐकताना आपण पुढे ओढले जातो ते या बासमुळे.

दुसरं, साल्सा गाण्याचे दोन भाग असतात. आधी कडव्यांतून गोष्ट सांगून होते. मग मोंतुनो सुरू होतो. कोरस एकच ओळ धरून बसतो आणि गायक दर वेळी त्याला नवं उत्तर देतो. बोंगोवाला बोंगो बाजूला ठेवून हातात घंटा घेतो. खरी परीक्षा तिथे असते. गायक किती सुचून गातोय, कोरसच्या आधी थांबतो की त्याच्यावर चढतो, हे सगळं त्या भागात कळतं. मी वाचलेल्या बहुतेक समीक्षा गाण्याच्या पहिल्या दीड मिनिटावर लिहिलेल्या असतात.

बॅड बनीच्या २०२५ च्या ‘देबी तिरार मास फोतोस’मधलं ‘बाइले इनोल्विदाब्ले’ घ्या. सहा मिनिटांच्या वरचं गाणं. सुरुवातीला सिंथ आणि एकटा आवाज, आणि मग पूर्ण साल्सा वाद्यवृंद येतो. वाजवणारी तरुण मंडळी पोर्तो रिकोच्या एस्कुएला लिब्रे दे मूसिका या सरकारी संगीत शाळेतली. सोनेरो, म्हणजे मोंतुनोत सुचेल तसं गाणारा साल्सा गायक, म्हणून बॅड बनीचा आवाज थोर नाही. उंच जागा तो गाठत नाही, सुचून गाणंही मोजकंच आहे. पण मोंतुनोत त्याने कोरसला आणि ट्रॉम्बोनना जागा मोकळी ठेवलीय, आणि ती जागा त्या मुलांनी भरून काढलीय. हे माझं मत. तुमचं वेगळं असेल, पण मत मांडायला निदान ती जागा कुठे आहे ते माहीत हवं.

आणि रेगेटोन ‘एकसुरी’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आठ मात्रा मोजा. किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, १ आणि ५ वर; स्नेअर, म्हणजे छोट्या ड्रमचा, ४ आणि ७ वर. आता क्लावेच्या पहिल्या आठ मात्रांकडे परत बघा: १, ४, ७. त्याच जागा! या ठेक्याला डेंबो म्हणतात. ते नाव जमैकातल्या १९९० च्या एका गाण्यावरून आलं, ठेका पनामा आणि न्यूयॉर्क फिरून सान हुआनला पोहोचला, पण कॅरिबियन समुद्रात या तीन ठोक्यांची वाट आधीपासून मळलेली होती. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

सातवी तार

कानसेन यांच्याशी सहमत. मी गिटार वाजवते, त्यामुळे तारांबद्दल बोलते.

अनघाताई, तुमचा ‘मार्चिता’वरचा लेख मी वाचला होता. त्यात सिल्वाना एस्त्रादा ‘पोर्तो रिकोचं कुआत्रो’ वाजवते असं लिहिलंय. ते व्हेनेझुएलाचं कुआत्रो आहे. चार तारा, उकुलेलेचं मोठं भावंड म्हणावं असं. पोर्तो रिकोच्या कुआत्रोला पाच जोड्यांत मिळून दहा तारा असतात, नाव ‘चार’ असूनही. आवाज धातूचा, झणझणीत. पुस्तिका निघण्याआधी हे बदलाच, कारण त्या अल्बमचा सगळा स्वभाव त्या चार तारांत आहे. ती मेक्सिकोच्या वेराक्रूसची, आईवडील दोघंही वाद्यं घडवणारे. लाकूड कसं बोलतं हे जिने लहानपणापासून ऐकलंय तिने अल्बममध्ये इतकी कमी वाद्यं ठेवावीत, याला अर्थ आहे.

या प्रांतात एकच शब्द गावागणिक वेगळं वाद्य होतो, आणि लिहिणाऱ्यांची फसगत तिथेच होते. ‘रेकिंतो’ बघा. बाचातात रेकिंतो म्हणजे पुढे राहून सूर गाणारी गिटार. मेक्सिकोच्या बोलेरोत तीच छोट्या बांध्याची, वरच्या पट्टीची गिटार. वेराक्रूसच्या सोन हारोचो या लोकसंगीतात रेकिंतो म्हणजे शिंगाच्या लांबट पट्टीने छेडायचं चार तारांचं वाद्य. आणि पोर्तो रिकोच्या प्लेनात रेकिंतो म्हणजे चक्क डफ! तीन आकारांच्या डफांतला सगळ्यात लहान, बाकीचे दोघे ठेका धरून असताना वरून मनमोकळं बोलणारा. ‘मेरेंगे’चंही तसंच. डॉमिनिकन मेरेंगे दोनाच्या चालीत धावतो, पण कोलंबियाच्या वायेनातोच्या चार चालींपैकी मेरेंगे नावाची चाल सहाच्या झोक्यावर असते. ‘ताम्बोरा’ डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये मांडीवर घेऊन वाजवतात, मेक्सिकोतल्या सिनालोआच्या बांदा वाद्यवृंदांत ती छातीएवढी असते. म्हणून मी कुठलाही शब्द लिहिताना देशाचं नाव जोडते.

तुमच्या ‘हळुवार’ खणाबद्दल. ‘मार्चिता’ आणि ‘दे तोदास लास फ्लोरेस’ दोन्ही २०२२ चे, दोघी मेक्सिकोच्या, दोन्हींत ताटातूट आहे. पण खोली वेगळी आहे हो! एस्त्रादाच्या अल्बममध्ये आपण रिकाम्या खोलीत तिच्या समोर बसलेलो असतो. श्वास ऐकू येतो, आवाज अचानक चढला की दचकायला होतं. लाफोर्कादने टेक्सासमधल्या सीमेजवळच्या स्टुडिओत टेपवर रेकॉर्डिंग केलं, वादक एकत्र बसून वाजवत होते, गिटारवर मार्क रिबो. तिथे खोलीत माणसं आहेत आणि ती एकमेकांचं ऐकतायत. रिबो एखादा वेडावाकडा सूर टाकतो आणि बाकीचे त्याला सांभाळून घेतात. २०१५ च्या ‘आस्ता ला राईस’नंतर पूर्णपणे स्वतःच्या नव्या गाण्यांचा तिचा हा पहिला अल्बम. मधली वर्षं ती लोकसंगीताकडे आणि जुन्या गाण्यांकडे वळली होती. २०१७ च्या भूकंपात पडझड झालेल्या सोन हारोचोच्या केंद्रासाठी तिने ‘उन कांतो पोर मेहिको’ केला. त्यानंतर स्वतःच्या दुःखाकडे परतलेली बाई एकटी परतत नाही, आपली मंडळी घेऊन येते. मला तर हा अल्बम ऐकताना तेच जाणवतं. एस्त्रादा तेव्हा पंचविशीही न गाठलेली, एकटीच्या नावावरचा पहिलाच पूर्ण अल्बम.

म्हणून मी एक प्रश्न नेहमी विचारते: खोलीत किती माणसं आहेत, आणि ती एकमेकांपासून किती अंतरावर आहेत?

दोन_खुर्च्या

वरचे दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, पण मला थोडं भांडायचंय. ठेके आणि तारा मोजून झाल्यावरही अल्बम हाताशी लागत नाही, जर तो काय बोलतोय, कुठल्या बोलीत बोलतोय आणि कुठल्या दिवशी बोलतोय हे कळलं नाही.

माझं नावच बॅड बनीच्या ‘देबी तिरार मास फोतोस’च्या मुखपृष्ठावरून घेतलंय. केळीच्या झाडांपुढे प्लास्टिकच्या दोन पांढऱ्या खुर्च्या, दोन्ही रिकाम्या. अल्बम आला ५ जानेवारी २०२५ ला, रविवारी. अल्बम शुक्रवारी येतात, हा का रविवारी? कारण दुसऱ्या दिवशी तीन राजांचा सण, पोर्तो रिकोत नाताळाइतकाच जिव्हाळ्याचा. परदेशी गेलेली माणसं त्या दिवसांत घरी येतात आणि परत जातात. रिकाम्या खुर्च्या त्यांच्याच.

अल्बमचं नाव. ‘तिरार’ म्हणजे फेकणं. फोटो काढण्याला पुस्तकी स्पॅनिशमध्ये ‘साकार’ किंवा ‘तोमार’ म्हणतात. ‘तिरार फोतोस’ हे तिथल्या बोलीतलं. ‘मी जास्त फोटो काढायला हवे होते’ एवढं भाषांतर केलं की अर्थ येतो, बेट हरवतं. पहिल्या गाण्याचं नाव ‘नुएवायोल’. नुएवा योर्क म्हणजे न्यूयॉर्क, पण पोर्तो रिकोच्या तोंडात शब्दाच्या शेवटचा ‘र’ बरेचदा ‘ल’ होतो. ज्या उच्चारावरून त्यांना शाळेत आणि टीव्हीवर हिणवलं गेलं तोच त्याने शीर्षकात जसाच्या तसा लिहिला. आणि गाणं सुरू होतं ते एल ग्रान कॉम्बो या पोर्तो रिकोच्या वाद्यवृंदाच्या, १९७० च्या दशकातल्या साल्साच्या तुकड्याने. आजोबांचं न्यूयॉर्क आणि नातवाचं न्यूयॉर्क, एकाच श्वासात. अनघा, बोली डोक्यावरून जाते म्हणून निराश होऊ नका. कुठे जाते ते टिपून ठेवा, बरेचदा लेखाचा विषय तिथेच दडलेला असतो.

पुढे एक गाणं हवाईवर आहे. १८९८ पासून पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात आहे. जमीन विकली जाते, किनारे बंद होतात, माणसं निघून जातात. हवाईचं जे झालं ते आमचं होऊ नये, एवढंच ते गाणं म्हणतं. तिथे ग्विरो या घासून वाजवायच्या वाद्याचा खरखराट आहे, डोंगरातल्या हीबारो गाण्याची चाल आहे. आता सांगा, हे ‘पायांना स्वस्थ बसू न देणारं’ आहे का?

आणि एक अवघड प्रश्न, ज्यावर लिहायचं टाळू नका: हे सगळं कुणाचं? गायिका रोसालिया स्पेनमधल्या कातालुनियाची. २०१८ चा ‘एल माल केरेर’ मला अफाट आवडतो. तेराव्या शतकातल्या एका कथाकाव्यावर बेतलेली अकरा प्रकरणं, शिक्षणाच्या शेवटच्या प्रकल्पातून उभी राहिलेली. एका गाण्यात तर मोटरसायकलच्या इंजिनची घरघर तालवाद्य म्हणून येते. पण २०२२ च्या ‘मोतोमामी’त ती बाचाता गाते, रेगेटोन करते, आणि कॅरिबियनमध्ये पुष्कळांना ते खुपतं. स्पेनने एकदा नेलंच होतं की, असं म्हणणारे आहेत. मी तिच्या बाजूने आहे, पण देणं कुणाचं आहे ते लिहायला हवं. त्यातल्या ‘साओको’ या गाण्यात रेगेटोनवाले विसिन आणि डॅडी यांकी यांचं देणं उघड आहे. स्पेनच्याच सी. तांगानाने ‘एल माद्रिलेन्यो’त क्यूबाचा एलियादेस ओचोआ, ब्राझीलचा तोकिन्यो यांना सरळ शेजारी बसवलं. उसनवारी करायचे हे दोन वेगळे मार्ग आहेत, आणि त्यांतला फरक सांगणं हे समीक्षकाचंच काम.

तारे देणं मात्र बंद करा. खरंच.

कानसेन

दोन_खुर्च्या, भांडण मान्य, फक्त एवढंच म्हणतो की ठेका आणि बाकीचं इतकं वेगळं काढता येत नाही. १९९५ मध्ये सान हुआनला अश्लीलतेच्या नावाखाली दुकानांवर छापे घालून पोलिसांनी रॅप-रेगेच्या कॅसेटी जप्त केल्या. तेच संगीत पुढे रेगेटोन झालं. बाचाताला डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कित्येक वर्षं सभ्य घरांत जागा नव्हती. कुंटणखान्याचं, दारूच्या गुत्त्याचं संगीत म्हणायचे. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला वारशाच्या यादीत घेतलं. गेर्रासारखा शिकलेला संगीतकार १९९० मध्ये ‘बाचाता रोसा’ करतो तेव्हा ती मऊ गिटारसुद्धा एक बाजू घेत असते. ठोक्यांत हे सगळं भरलेलं आहे. मोजलंत तर सापडतं.

रोसालिया निघालीच आहे तर तिच्या फ्लामेंकोबद्दल: बुलेरिया या फ्लामेंको प्रकाराच्या १२ मात्रांत जोर १२, ३, ६, ८, १० वर. बारापासून मोजायला सुरुवात करा. ‘मोतोमामी’त ‘बुलेरियास’ नावाचंच गाणं आहे. ते आणि ‘साओको’ एकामागून एक ऐका.

अनघा_ऐकते

तुम्हा तिघांचे किती आभार मानू. गेले चार दिवस दुसरं काही केलेलं नाही.

सातवी तार, कुआत्रोची चूक माझीच. संपादकांना कळवली, पुढच्या अंकात दुरुस्तीही छापतोय. रिकाम्या खोलीचं तुम्ही म्हणालात ते हेडफोन लावून ऐकलं आणि एका गाण्यात आवाज चढताना खरंच दचकले.

ताऱ्यांबद्दल संपादकांशी बोलले. ते पूर्ण काढायला तयार नाहीत, पण पुस्तिकेत नसतील असं ठरलंय.

‘बाइले इनोल्विदाब्ले’बद्दलचा परिच्छेद असा लिहिलाय, जरा बघाल का?

‘पहिला मिनिटभर तो एकटाच असतो. सिंथचा लांबट सूर आणि खर्जातला, नाकातून येणारा, काहीसा थकलेला आवाज. मग ट्रॉम्बोन येतात आणि आपल्याला कळतं की तो एकटा नव्हता, वाट बघत होता. गोष्ट साधी आहे: जिने प्रेम करायला आणि नाचायला शिकवलं ती गेली, नाच मागे राहिला. पण गाण्याच्या उत्तरार्धात ही गोष्ट त्याची एकट्याची उरत नाही. कोरस तीच ओळ धरून बसतो, घंटा वाजू लागते, आणि संगीत शाळेतली मुलं असं वाजवतात की विसरता न येणारा तो नाच कुण्या एका बाईचा नसून अख्ख्या बेटाचा वाटतो. तो उत्तम सोनेरो नाही. मागे सरायचं कधी, हे त्याला कळतं.’

‘हेनेसिस’ला अजून हात लावलेला नाही. तोलोलोचेचा आवाज वेगळा काढता येतो, चार्चेता आणि ट्रॉम्बोनमध्ये मात्र अजून गोंधळ होतो.

कानसेन

चांगलं झालंय. ‘वाट बघत होता’ हे फार आवडलं. एकच सुचवतो. ‘घंटा वाजू लागते’ याच्या जागी ‘बोंगोवाला घंटा उचलतो’ लिहा, तिथे माणूस दिसायला हवा. आणि चार्चेता ट्रॉम्बोनपेक्षा वरच्या पट्टीत असते, मंडळी ती बरेचदा तुकड्यातुकड्यांनी, ठोक्याच्या मध्ये वाजवतात. ट्रॉम्बोन सूर ओढतो, चार्चेता टोचते. तेवढं कानात ठेवून ऐका.

अनघा_ऐकते

बदललं. टोचते! आता ऐकू येतंय.

आज रात्री बॅड बनीच्या त्याच अल्बममधलं ‘काफे कोन रोन’. प्लेनाचे तीन डफ वेगवेगळे काढता येतात का बघते. सगळ्यात लहान रेकिंतो, हे लक्षात आहे. मोठ्या दोघांची नावं काय?

सातवी तार

सेगिदोर आणि पुंतेआदोर. सगळ्यात मोठा सेगिदोर, त्याच्यापासून सुरुवात करा.